जाळं कापणारा हात

वडप्याहून समुद्र दिसत नाही. इथे दिसतो तो नाशिककडे जाणारा महामार्ग, कंटेनरच्या रांगा आणि गोदामांची पत्र्याची छपरं. पण भिवंडी एकेकाळी बंदर होतं हे विसरायला नको. मुघल काळात तिचं नाव इस्लामाबाद होतं. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली ती इथल्याच खाडीत. पुढे त्या आरमारात दौलतखान मोठ्या हुद्द्यावर होते, हेही आपल्याला अधूनमधून आठवून द्यावं लागतं. भिवंडीतून वाहणारी कामवारी आजही त्याच खाडीला मिळते आणि खाडी वसईजवळ समुद्राला. गोदामांतल्या मालाभोवतीचं प्लास्टिक याच वाटेनं पुढे जातं. त्यामुळे डहाणूच्या किनाऱ्यावर जखमी कासव लागल्याची बातमी आली, की ती फार लांबची मानायचं कारण नाही.

आपल्याकडे समुद्री कासवांच्या संरक्षणाची गोष्ट अंड्यांपासून सुरू झाली. 1970 च्या दशकात मद्रासच्या किनाऱ्यावर रात्री फिरून अंडी गोळा करणारी, ती सुरक्षित जागी उबवणारी मंडळी पुढे आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवं आली, म्हणजे वाघाइतकंच त्यांना संरक्षण मिळालं. महाराष्ट्रात खरी सुरुवात 2002 मध्ये वेळासला झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे त्यांत पुढे, समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी हिंडत असताना त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावात अंडी खाल्ली आणि विकली जात होती. गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी अंड्यांना कुंपण घातलं, आणि काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांमुळे जास्त ओळखलं जातं. जवळच बाणकोट आणि सावित्रीची खाडी.

अंडी वाचवणं तुलनेनं सोपं. खड्डा, जाळी, पहारा, पन्नासेक दिवसांचा धीर. पिल्लं निघाली की टाळ्या वाजतात, फोटो निघतात. जखमी मोठं कासव मात्र तीस-चाळीस किलोचं असतं, पर तुटलेला, पाठीवर शेवाळ, डोळे खोल गेलेले. त्याचं काय करायचं हे बराच काळ कोणालाच माहीत नव्हतं. किनाऱ्यावर कासव आलं की लोक चांगल्या मनानं ते उचलून पुन्हा पाण्यात ढकलत, आणि ते दुसऱ्या दिवशी मेलेलं सापडे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॅरेथॉन गावी 1986 मध्ये खास कासवांसाठी रुग्णालय निघालं होतं. आपल्याकडे तशी सोय व्हायला बराच वेळ लागला.

ती डहाणूत झाली. वनविभाग आणि तिथली वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन यांनी मिळून कासवांसाठी उपचार केंद्र उभं केलं. पशुवैद्यक डॉ. दिनेश विन्हेरकर यांचं नाव या कामाशी जोडलं गेलं आहे. येणाऱ्यांत ऑलिव्ह रिडले सर्वांत जास्त, मग हिरवं कासव, क्वचित हॉक्सबिल. काहींच्या फुप्फुसात संसर्ग असतो, काहींच्या पोटात वायू साचलेला, त्यामुळे ती एका बाजूला कलून तरंगत राहतात आणि बुडी मारता येत नाही. बुडी नाही तर अन्न नाही. अशा कासवाला सलाईन, प्रतिजैविकं, एक्स-रे आणि महिनोन्महिने टाकीत मासळीचा खुराक लागतो. नायलॉन दोरी रुतून सडलेला पर कापावाच लागतो. एका परानं अधू झालेल्या कासवाला कृत्रिम पर बसवण्याचा प्रयोगही इथे झाला.

यात एक गोष्ट मला विचार करायला लावते. जखमी कासवं किनाऱ्याला जास्त लागतात ती पावसाळ्यात. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या. मग जखमा येतात कुठून? खवळलेला समुद्र आणि वारा आधीच थकलेल्या कासवांना किनाऱ्याकडे ढकलतो. शिवाय तुटून, टाकून दिलेली जाळी पाण्यात वर्षानुवर्षं फिरत राहतात. त्यांना बंदीचा हुकूम लागू होत नाही.

कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात अडकलेलं कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही. त्यावर उपाय म्हणून जाळ्यात लोखंडी जाळीची चौकट बसवतात. कोळंबी आरपार जाते, कासव वरच्या वाटेनं बाहेर पडतं. अमेरिकेनं 1989 च्या कायद्यानं अशी चौकट न वापरणाऱ्या देशांच्या कोळंबीवर बंदी आणली, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड एकत्र जागतिक व्यापार संघटनेत गेले. (भारत-पाकिस्तान एका बाजूला, तेही कासवाच्या निमित्तानं!) 1998 च्या निकालात अमेरिकेची अंमलबजावणी भेदभावाची ठरली, पण कासव वाचवण्याचा हेतू मान्य झाला. वाद व्यापाराचा होता. त्याची किंमत बंदरावरच्या माणसानं मोजली.

आणि त्या माणसाचं नाव या इतिहासात येत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून डहाणूपर्यंत कोळी, भंडारी, मांगेला, दालदी मुसलमान असे सगळेच दर्यावर जातात. जखमी कासवाला पहिला हात लागतो तो बहुतेक वेळा तांडेलाचा किंवा खलाशाचा. डॉक्टर नंतर येतो, वनरक्षकही नंतर. पूर्वी कासव जाळ्यात सापडलं की भीती वाटायची, गुन्हा आपल्यावरच पडेल. म्हणून ते गुपचूप फेकलं जाई, जिवंत असो वा नसो. कासवाला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि कापलेलं जाळं म्हणजे काही हजारांचं नुकसान. तेही आधीच डिझेलच्या कर्जात असलेल्या होडीला.

डिसेंबर 2018 मध्ये राज्य सरकारनं हे पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. सुटकेचे फोटो किंवा चित्रफीत द्यावी लागते. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या कासवांसाठी वेळासनंतरचा हा सर्वांत मोठा निर्णय. भीतीची जागा हिशेबानं घेतली, आणि हिशेब समजणारा माणूस पुढच्या वेळी वनविभागाला फोन करतो.

तरी एक बाकी राहतं. भरपाई जाळ्याची मिळते. धडधाकट कासव जागेवर सोडून देता येतं, पण जखमी कासव बंदरावर आणायचं तर होडी फिरवावी लागते, दिवस बुडतो. वाटेत त्याच्या पाठीवर ओला गोणपाट टाकावा लागतो, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. निपचित पडलेलं कासव मेलेलंच असतं असंही नाही. मागचा भाग उंच करून ठेवलं तर फुप्फुसातलं पाणी उतरतं आणि काही तासांनी ते हालचाल करू लागतं. हे करणाऱ्या खलाशाच्या बुडालेल्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे त्या शासन निर्णयात नाही.