माकड, कुत्रा आणि मेंदूच्या डॉक्टरांचं अधिवेशन

ऑगस्ट 1881. लंडनमध्ये सातवी आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली होती. तीन हजारांहून अधिक डॉक्टर जमले होते आणि पाश्चर, कॉख, लिस्टर, शार्को अशी मातब्बर मंडळी त्यांत होती. पण सगळ्यांत जास्त गर्दी खेचली ती एका कुत्र्याने आणि दोन माकडांनी.

वाद जुना होता. मेंदूतल्या प्रत्येक भागाचं काम वेगळं असतं, की सगळा मेंदू मिळून सगळी कामं करतो? स्ट्रासबर्गचे फ्रेडरिक गोल्ट्झ दुसऱ्या बाजूचे. मेंदूचा बराचसा पृष्ठभाग काढून टाकलेला कुत्रा त्यांनी सोबत आणला होता, आणि तो चालत होता, पळत होता. लंडनच्या डेव्हिड फेरियर यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. त्यांच्या एका माकडाच्या मेंदूतला हालचालींचा भाग एका बाजूने काढलेला होता, आणि ते विरुद्ध बाजूचा हातपाय ओढत आत आलं. अर्धांगवायूचा रोगी चालतो तसंच. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात असे रोगी रोज पाहणारे शार्को ते बघून उद्गारले, की हा तर रोगीच आहे. दुसऱ्या माकडाच्या कानाजवळ बार उडवला, तरी ते दचकलं नाही, कारण त्याच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग काढलेला होता.

परिषदेने प्रश्न टाळ्यांवर सोडवला नाही. प्राण्यांना मारून मेंदू तपासायला समिती नेमली. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याचा मेंदू ते सांगत होते त्यापेक्षा पुष्कळ शिल्लक निघाला, आणि फेरियर यांनी सांगितलेल्या जागा बरोबर निघाल्या. कुत्र्याच्या मेंदूची तपासणी केंब्रिजमध्ये समितीतल्या लँग्ली यांच्याकडे आली, तेव्हा त्यांच्या हाताखाली चार्ल्स शेरिंग्टन नावाचा तरुण होता. शेरिंग्टन यांचा पहिला शोधनिबंध या कुत्र्यावरचा. पुढे 1932 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

फेरियर यांच्या वाट्याला मात्र आधी कोर्टाची पायरी आली. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1876 च्या कायद्याखाली त्यांच्यावर परवान्याविना प्रयोग केल्याचा खटला भरला गेला. शस्त्रक्रिया त्यांच्या सहकाऱ्याने केल्या होत्या आणि त्याच्याकडे परवाना होता, म्हणून ते सुटले. त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर 1884 मध्ये, लंडनमध्येच रिकमन गॉडली यांनी एका रोग्याच्या मेंदूतली गाठ काढली. कवटीवर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ह्यूज बेनेट यांनी लक्षणांवरून जागा सांगितली, आणि गाठ तिथेच सापडली. जंतुसंसर्गाने तो रोगी महिन्याभरात दगावला, पण फेरियर यांच्यासारख्यांनी आखलेला मेंदूचा नकाशा खरा ठरला होता.

मेंदूच्या डॉक्टरांची स्वतःची, वेगळी अधिवेशनं अमेरिकेत याआधीच सुरू झाली होती. डिसेंबर 1874 मध्ये सात डॉक्टरांनी पत्र काढलं आणि जून 1875 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन न्यूरॉलॉजिकल असोसिएशनची पहिली बैठक झाली. सर्वांत नामवंत सदस्य सायलस वेअर मिचेल यांना अध्यक्षपद देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. संस्था विद्वानांची होती, पण सदस्यत्व निवडीने आणि मोजक्यांनाच. शिकाऊ डॉक्टरला तिथे जागा नव्हती.

जगभरच्या मेंदूतज्ज्ञांना एकत्र यायला 1931 उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला पहिली आंतरराष्ट्रीय न्यूरॉलॉजी परिषद भरली. अध्यक्ष होते न्यूयॉर्कचे बर्नार्ड सॅक्स. शेरिंग्टन होते, पावलोव्ह होते, आणि मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी तोवर केलेल्या दोन हजारांवर मेंदूगाठींच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, त्यात किती रोगी दगावले हेही सांगून. एकेकाळी मेंदूला हात लावणं म्हणजे रोगी गमावणं असं मानणाऱ्या व्यवसायासाठी हा हिशेब फार मोठा होता.

अशा परिषदांतून सगळं चांगलंच बाहेर पडलं असंही नाही. दुसरी परिषद 1935 मध्ये लंडनला झाली. येल विद्यापीठाच्या फुल्टन आणि जेकबसन यांनी दोन चिंपांझींची हकीकत सांगितली. मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर त्यांतली एक, आधी फार चिडकी असलेली, शांत झाली होती. पोर्तुगालचे एगास मोनिझ त्या परिषदेला हजर होते. नोव्हेंबरात लिस्बनला त्यांनी मनोरुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागावर आपली पहिली शस्त्रक्रिया करवून घेतली. कल्पना आपल्याला आधीच सुचली होती, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण या शस्त्रक्रियेची लाट जगभर पसरली, हजारो माणसांचे मेंदू कापले गेले, आणि 1949 मध्ये मोनिझ यांना नोबेलही मिळालं. आज ती शस्त्रक्रिया वैद्यकाच्या इतिहासातली लाजिरवाणी गोष्ट मानली जाते. लंडनच्या 1881 च्या समितीने जशी उलटतपासणी केली, तशी या वेळी कोणी केली नाही.

ऑगस्ट 1939 मध्ये तिसरी परिषद कोपनहेगनला झाली, आणि पाठोपाठ महायुद्ध पेटलं. चौथी भरायला दहा वर्षं लागली.

युद्धानंतरच्या अमेरिकेत मेंदूला आणि मज्जारज्जूला मार लागलेले हजारो सैनिक परतले होते आणि त्यांना बघायला न्यूरॉलॉजिस्ट पुरत नव्हते. जुन्या असोसिएशनचं दार अजून अरुंदच होतं. मिनेसोटाचे ए. बी. बेकर यांनी 1948 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी काढली. तरुण डॉक्टर, अगदी प्रशिक्षण घेणारेसुद्धा, सदस्य होऊ शकतील असा नियम केला. पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक या झऱ्यांच्या गावी पहिलं अधिवेशन झालं. अधिवेशनाला जोडून शिकवण्याचे वर्ग ठेवायची प्रथा या संस्थेने रुजवली. आज तिच्या वार्षिक अधिवेशनाला दहा हजारांहून जास्त लोक येतात, आणि त्यातले पुष्कळसे शिकायला येतात.

भारतातली सुरुवात याच सुमाराची, पण आकार फारच लहान. जेकब चांडी माँट्रियलला मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली तयार होऊन 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि मेंदूच्या विकारांचा स्वतंत्र विभाग उभा केला. पुढच्याच वर्षी इंग्लंडहून शिकून आलेल्या बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलमध्ये काम सुरू केलं. या दोघांनी एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग यांना सोबत घेतलं, आणि 1951 मध्ये मद्रासला न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. चार माणसांची संस्था, अख्ख्या देशासाठी!

संख्या इतकी कमी असल्याने एक गोष्ट आपोआप चांगली झाली. औषधं देणारे आणि शस्त्रक्रिया करणारे एकाच मांडवाखाली आले. एखाद्याच्या डोक्यातली गाठ क्षयाची की कर्करोगाची, औषध पुरेल की कवटी उघडावी लागेल, यावर दोन्ही बाजू समोरासमोर भांडू शकत होत्या.

मुंबईत या विषयाची दोन ठाणी उभी राहिली, परळचं केईएम आणि भायखळ्याचं जे. जे. केईएममध्ये एडी भरुचा यांनी न्यूरॉलॉजीचा पाया घातला, तर लंडनहून 1957 मध्ये परतलेल्या नोशिर वाडिया यांनी जे. जे. मध्ये. परदेशी पुस्तकात नसलेले आजार इथल्या बाह्यरुग्ण विभागात रोज समोर येत. वाडिया आणि स्वामी यांनी 1971 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांतल्या आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. या रोग्यांचा तोल जाई, आणि डोळे एका जागेवरून दुसरीकडे झटकन वळत नसत, सावकाश सरकत. हा नवा प्रकार होता, आणि पुढे त्याची जनुकीय ओळखही पटली. त्याच वर्षी मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यातल्या काही रोग्यांना नंतर पोलिओसारखा लुळेपणा आला. ती जोडणीही मुंबईच्याच डॉक्टरांनी जगापुढे ठेवली.

वेल्लोरचं एक उदाहरण याहून रोजच्या उपयोगाचं आहे. फिट आलेल्या रोग्याच्या सीटी स्कॅनमध्ये एकच लहानशी गाठ दिसली, की ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं देण्याचा रिवाज भारतात पडला होता. वेदांतम राजशेखर, मॅथ्यू चांडी आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या आसपास अशा गाठींचे तुकडे काढून तपासले. बऱ्याच गाठी पट्टकृमीच्या अळीच्या निघाल्या, आणि त्यातल्या पुष्कळ आपोआप विरून जात होत्या. असंख्य रोग्यांची विनाकारण औषधं यामुळे वाचली.

ब्रुसेल्सला 22 जुलै 1957 रोजी जागतिक न्यूरॉलॉजी महासंघ स्थापन झाला होता. त्याची जागतिक परिषद 1989 मध्ये नवी दिल्लीत भरली. तोवर देशात न्यूरॉलॉजिस्टांची संख्या वाढली होती, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःची इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी काढली. आता सोसायटी आणि अकॅडमी या दोन्ही संस्थांची अधिवेशनं दरवर्षी वेगवेगळी भरतात. मोठी सभागृहं, समांतर सत्रं, औषध कंपन्यांचे स्टॉल, गळ्यात ओळखपत्रं. 'डॉक्टर कॉन्फरन्सला गेलेत' असं दवाखान्याच्या काउंटरवर ऐकून रोगी परत फिरतात, तीच ही कॉन्फरन्स.

पुढच्या अधिवेशनांनी काय करावं, याचं उत्तर महाराष्ट्रातच पडलेलं आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 86 गावांमधल्या मृत्यूंची कारणं शोधली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. साधारण सातातला एक मृत्यू त्याचा, आणि यातले बहुतेक रोगी घरीच दगावले. पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीतल्या गुठळीमुळे असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे इंजेक्शन कधी द्यायचं आणि कधी द्यायचं नाही, हे शहरातल्या तज्ज्ञांना पाठ आहे. ज्याच्याकडे रोगी पहिल्यांदा पोचतो, त्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ते कोणी शिकवायचं?

बेकर यांनी शिकाऊ डॉक्टरांना आत घेतलं आणि अमेरिकेत हा विषय वाढला. भारतीय संस्थांनीही दरवर्षी एक पूर्ण दिवस जिल्हा आणि तालुका रुग्णालयांतल्या डॉक्टरांसाठी राखून ठेवावा, त्यांच्याकडून नोंदणी शुल्क घेऊ नये, आणि मंचावरून निदान काही रोगी त्यांनाच सादर करू द्यावेत.