भिलाईची पतसंस्था आणि पगारपत्रकाबाहेरचा तरुण

पतसंस्थांकडे तरुण का वळत नाहीत, हा प्रश्न सहकारविषयक परिसंवादांत वारंवार निघतो, आणि मोबाइलवरील सुविधांचा अभाव हे त्याचे ठरीव उत्तर असते. भिलाईच्या इतिहासाकडे पाहिले असता ते उत्तर अपुरे वाटते.

पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढील वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि येथील मराठी माणूस एका रात्रीत बृहन्महाराष्ट्रीय ठरला! 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या नव्या वसाहतीत आलेल्या तरुणांजवळ नोकरी होती. पण अडीअडचणीला हात देणारे काका-मामा दूर गावी राहिले होते. ती जागा सेवकांच्या पतसंस्थेने घेतली.

परप्रांतातील मराठी मंडळींना ही कल्पना अपरिचित नव्हती. देशातील बहुधा पहिली परस्परसाहाय्य संस्था, बडोद्याची अन्योन्य सहकारी मंडळी, विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1889 मध्ये निघाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1904 मध्ये आला.

पगारदारांच्या पतसंस्थेचे खरे बळ पगारपत्रकात असते. मासिक वर्गणी पगारातून कापली जाते, कर्जाचा हप्ताही तेथूनच. आणि जामीनदार त्याच खात्यातील सहकारी. महाराष्ट्राच्या 1960 च्या अधिनियमातील कलम 49 नुसार, सभासदाने करार करून दिल्यास अशी कपात करणे मालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे वसुलीसाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. इतकी स्वस्त व बिनबोभाट वसुली मोठ्या बँकांनाही साधलेली नाही.

परंतु 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, कायम सेवकांची संख्या घटत गेली आणि कंत्राटी कामगार वाढले. फाटकाच्या आत काम तेच. मात्र कंत्राटी तरुणाचा मालक ठेकेदार, आणि तो निविदेगणिक बदलणारा. ज्याचा मालकच टिकत नाही, त्याच्या पगारातून तीन वर्षे हप्ता कापणार कोण? कायम सेवकांपुरते सभासदत्व ठेवणाऱ्या उपविधींत त्याला स्थान नाही, आणि कायम सेवकाच्या कमावत्या मुलालाही नाही. मग हा तरुण मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्यांकडे जातो. त्या व्यवहारांतील गैरप्रकारांमुळे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

आणखी एक अडचण सहसा बोलली जात नाही. पतसंस्थेचे कर्ज चोख फेडले तरी त्याची नोंद बहुधा पतमाहिती कंपन्यांकडे जात नाही. पुढे घरकर्ज मागताना बँकेच्या लेखी तो तरुण कोराच राहतो. शिवाय सहकारी बँकांतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नाही, हेही त्याला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

माझ्या मते सभासदत्वाची व्याख्या बदलणे हाच यातील पहिला उपाय आहे. कंत्राटी कामगाराची वर्गणी त्याच्या बँक खात्यातून वळती करता येईल. प्रारंभी कर्ज त्याने साठविलेल्या वर्गणीच्या प्रमाणात देता येईल. जोखीम वाढेल, हे मान्य. मात्र उपविधींतील दुरुस्तीला निबंधकांच्या मंजुरीआधी सर्वसाधारण सभेची संमती लागते, आणि त्या सभेत मतदान करणारे अनेक सभासद निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतात. त्यांचे लक्ष यंदाच्या लाभांशाकडे असते.