लामिस नदीवरचे दोन पूल

लढाई संपली की इतिहास विजेत्याचे नाव लिहून पुढे निघतो; शत्रूच्या कोठडीत अडकलेल्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. बद्रचा प्रसंग याला अपवाद आहे. इ. स. ६२४ मध्ये सुमारे सत्तर कुरैश कैदी मदीनेत आले. त्यांचे काय करावे यावर सहाबांत मतभेद झाला. हजरत अबूबक्र (रजि.) फिदया घेऊन सोडा म्हणाले, हजरत उमर (रजि.) यांचे मत कठोर होते. शेवटी फिदया ठरला. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या मुलांना शिकवावे असे ठरल्याचे सीरतकार सांगतात. आम्हा शिक्षकांना या गोष्टीचा अभिमान वाटतो.

पण याच इतिहासातले दुसरे पानही वाचले पाहिजे.

अब्बासी खिलाफत आणि रूमी (बायझंटाईन) साम्राज्य यांच्या सरहद्दीवर, आजच्या दक्षिण तुर्कस्तानात, लामिस नदी आहे. तिच्या काठी दोन्ही बाजूंचे कैदी अदलाबदलीसाठी आणले जात. हारून अल-रशीदच्या काळात, ८०५ साली, येथे सुमारे ३,७०० मुसलमान सोडवले गेले. रूमी मुलुखात एकही मुसलमान कैदी उरला नाही, असे तबरी नोंदवतो.

पुढे ८३८ मध्ये खलिफा मुअतसिमने अमूरिया जिंकले. तेथील ४२ रूमी अधिकाऱ्यांना सात वर्षे कैदेत ठेवून मार्च ८४५ मध्ये सामर्रा येथे ठार केले गेले. त्यांनी धर्म बदलण्यास नकार दिला होता, असे रूमी परंपरा सांगते. त्याच वर्षी सप्टेंबरात, वासिक खलिफा असताना, लामिसवर पुन्हा अदलाबदल झाली. नदीवर दोन पूल बांधले. एकावरून मुसलमान येई, त्याच वेळी दुसऱ्यावरून रूमी जाई. चार हजारांहून अधिक माणसे परतली; त्यांत स्त्रिया, मुले आणि ज़िम्मीही होते. रूमी कैदी कमी पडले, तेव्हा खलिफाने बाजारातून रूमी गुलाम विकत घेतले, महालातल्या वृद्ध रूमी दासीही दिल्या. हिशेब जुळावा म्हणून माणसे खरेदी झाली. त्यांची मर्जी कोणी विचारली असेल काय?

याहून मोठा पेच आपल्याच माणसांबाबत होता. तेव्हा 'मिहना' चालू होती. कुरआन निर्मित आहे, हे मोतझिली मत मामूनने ८३३ मध्ये उलेमांवर लादायला सुरुवात केली होती. ते न मानल्याबद्दल इमाम अहमद बिन हंबल यांनी फटके सोसले. लामिसच्या काठीही काझी इब्न अबी दुआदची माणसे हजर होती. मुसलमान कैद्याला हाच प्रश्न विचारला जाई. हो म्हणेल त्याची सुटका. नाही म्हणेल त्याला रूमींच्या हाती सोडून द्यावे, असा हुकूम होता.

शत्रूशी तडजोड जमली, पण मतभेद असलेला भाऊ परका ठरला. ख्रिस्ती ज़िम्मी रयत म्हणून सुटला हे न्यायाचेच झाले. मग कलमा पढणाऱ्याने कोणता गुन्हा केला होता?

मुतवक्किलने पुढे मिहना बंद केली आणि ८५६ मध्ये लामिसवर पुन्हा कैदी सुटले. कैद्याची बेडी तोडणे हे आपल्या दीनने मोठे पुण्य मानले आहे. बेडी तोडण्याआधी त्याचा मसलक विचारावा, असे मात्र कोठेही सांगितलेले नाही. मुलांना बद्र शिकवताना लामिसही शिकवली पाहिजे, असे आम्हाला वाटते.