शिळा भात, चायनीज भात

मालवणच्या बाजारात संध्याकाळी फेरफटका मारला, तर चायनीजची एखादी तरी गाडी दिसते. मग घरात मुलांचा हट्ट सुरू होतो, 'तसलाच भात कर!' आई ताजा, मऊ भात कढईत परतते आणि त्याचा होतो गोळा. दोष जातो सोया सॉसला, नाहीतर शेगडीला. खरे कारण भातातच आहे. ते शोधण्यापूर्वी हा पदार्थ आपल्या दारी कसा आला, ते पाहू.

तो थेट चीनहून आलेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, टाँग अच्यू नावाच्या चिनी गृहस्थाने कलकत्त्याजवळ हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अचिपूर म्हणतात. पुढे कलकत्त्यात चिनी वस्ती वाढली. टांगरा भागात हक्का कुटुंबे कातडी कमावण्याचा धंदा करू लागली. 'हक्का नूडल्स'मधला हक्का तो हाच. त्यांच्या स्वयंपाकात इथली चव मिसळत गेली. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईत चिकन मांचुरियन प्रथम बनवले, असे सांगतात. हॉटेलांतले हे पदार्थ पुढे गाड्यांवर आले. आणि मुंबईत जे रुजते, ते चाकरमान्यांबरोबर कोकणात पोचायला वेळ लागत नाही.

पण उरलेला भात परतून खाणे आपल्याला नवे थोडेच होते? आपला फोडणीचा भात आणि चिनी परतलेला भात हे एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: कालचा भात वाया जाऊ नये. दोन्हींना शिळाच भात का लागतो?

तांदळात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. शिजताना त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि दाणा मऊ, चिकट होतो. भात थंड झाला की पिष्टाचे लांब रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात. पृष्ठभागही कोरडा होतो. असा दाणा परतताना सुटा राहतो. आपला उकडा तांदूळ याच गुणाचा. त्यासाठी भात टरफलासकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. म्हणजे पिष्ट एकदा शिजून घट्ट झालेले असते. म्हणून त्याचा भात कमी चिकट होतो.

आता या इतिहासातले एक गंभीर पान. १९७१ साली ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला परतलेला भात खाऊन लोकांना उलट्या झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. तपासात बॅसिलस सेरियस हा जिवाणू सापडला. त्याचे बीजाणू कच्च्या तांदळावर असतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. तिथे पुष्कळ भात एकदम शिजवून रात्रभर बाहेरच ठेवत; शीतकपाटात त्याचे गठ्ठे होतात, ही तक्रार. कोमट, ओलसर भातात बीजाणू रुजले, जिवाणू वाढले आणि त्यांनी विष तयार केले. उलट्या घडवणारे हे विष १२१ अंश सेल्सियसलाही दीड तास टिकते. मग कढईतल्या दोन मिनिटांची काय कथा? 'पुन्हा गरम केले की सगळे मरते' हा समज इथे खोटा ठरतो. जिवाणू मरतात, विष उरते.

कोकणातल्या दमट उन्हाळ्यात हे विसरून चालणार नाही. भात शिजला की परातीत पातळ पसरावा, वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात शीतकपाटात ठेवावा. दुसऱ्या दिवशी बोटांनी मोकळा करून, मोठ्या आचेवर थोडा थोडा परतावा आणि लगेच संपवावा. पसरल्यामुळे गठ्ठाही होत नाही. शीतकपाट नसेल, तर भात शिजवून, पसरून, निवल्याबरोबर त्याच वेळी परतावा. रात्रभर बाहेर राहिलेला वापरू नये.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच तांदळाचा ताजा भात आणि रात्रभर शीतकपाटात ठेवलेला भात वेगवेगळ्या वाट्यांत घ्या. दाणे बोटांनी दाबून पाहा, फरक लिहून काढा. हा भात मात्र खायचा नाही. मग मुलांना विचारा, घरी उरलेल्या भाताचे काय करतात? आजीकडून येणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतील. त्यांतली कोणती आजही सुरक्षित आहेत, हे मुलांनीच तपासावे.