ख्रिस्ती कीर्तनाची कुळकथा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेत जे प्रकार आज रूढ आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या मागे एखाद्या धर्मसभेचा ठराव, धर्माध्यक्षाचा हुकूम किंवा परदेशी मंडळाची मंजुरी दाखविता येते. कीर्तनाची गोष्ट निराळी आहे. ज्यांनी लहानपणापासून टाळ-मृदंगाच्या नादात देवाचे नाव ऐकले होते, त्यांना धर्म बदलल्यावरही त्या नादावाचून करमेना. आणि या ओढीतूनच, कोणत्याही वरिष्ठ दप्तरात नोंद होण्यापूर्वी, कीर्तन ख्रिस्ती मंडळीत येऊन बसले. त्याची कुळकथा आपल्या वाणीत देवाची कथा ऐकण्याच्या श्रोत्यांच्या हक्काची कथा आहे, आणि म्हणूनच ती आज पुन्हा सांगावीशी वाटते.

तिचा पहिला धागा गोव्यात सापडतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला आणि साष्टीच्या मुलखात त्याने उर्वरित आयुष्याचा बहुतेक काळ वेचला. तेथील नवख्रिस्ती जनांची जुनी पुराणे पोर्तुगीज अमलाने बंद केली होती, परंतु पुराण ऐकण्याची त्यांची भूक काही बंद झाली नव्हती. जुने गेले तर त्याच्या जागी वाचावयास काही तरी द्या, अशी मागणी एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्याने केल्याचा प्रसंग स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. या मागणीचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चर्चमधून ते गाऊन वाचले जाई. पुढे १६८४ साली विजरईने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्माविले, तरीही ‘क्रिस्तपुराणा’च्या हस्तलिखित प्रती टिकल्या. सरकारी हुकमापेक्षा श्रोत्यांची स्मृती अधिक दीर्घायुषी ठरली.

दुसरा धागा तंजावरचा. भोसल्यांच्या त्या दरबारात मराठी आणि तमिळ विद्या शेजारी नांदत होत्या. तेथील सरफोजीराजे आणि वेदनायकम् शास्त्री हे दोघेही श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. १७७४ साली जन्मलेल्या या शास्त्र्यांनी ख्रिस्तचरित्र तमिळ कुरवंजी नाट्याच्या आणि कालक्षेप या कथाकीर्तनाच्या रीतीने गाऊन दाखविले. राचोल आणि तंजावर यांचा, जेथे मराठी ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले त्या अहमदनगरशी थेट वंशसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु तीन निरनिराळ्या मुलखांत, तीन निरनिराळ्या पंथांच्या मंडळींत, एकाच गरजेने एकच वाट धरावी, यावरून ती गरज किती खोल होती याची साक्ष पटते.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली पडले. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत गीते रचली, परंतु त्यांचे छंद आणि चाली बहुतांशी पाश्चात्त्य होत्या. त्या चालींवर मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ ओढाताणीने बसत, आणि खेड्यातील माणसाला ते गाणे परक्याच्या घरी मांडी घालून बसल्यासारखे वाटे. १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे या नगरच्या कवीने व त्याच्या सोबत्यांनी बायबलातील आख्याने ओवी, साकी, दिंडी, अभंग यांत बांधून कीर्तनाचा प्रघात पाडला, आणि सभोवतालच्या खेड्यांतून लोक ते ऐकण्यास जमू लागले.

हे लोक कोण होते, हे लक्षात घेतल्यावाचून या घटनेचे मोल कळणार नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी मुख्यत्वे महार व मांग समाजांतून आलेली होती. महार संत चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळाबाहेर उभे राहून कीर्तनाचा आवाज तेवढा ऐकला, त्यांना विठ्ठलाच्या मंदिराचे दार १९४७ साली उघडले. त्याच्या कितीतरी आधी तेच लोक नगरच्या मंडळीत कीर्तनाच्या ऐन मध्यभागी बसले, टाळ हाती घेऊन साथीला उभे राहिले, आणि त्यांतूनच कोणी कीर्तनकारही झाले.

रचनेच्या दृष्टीने या कीर्तनाने नारदीय पद्धतीचा सांगाडा कायम ठेवला. प्रथम नमन आणि मूळ पद, मग त्यावरील निरूपणाचा पूर्वरंग, मध्ये सर्वांचे भजन आणि शेवटी आख्यानाचा उत्तररंग. आरती, बुक्का, प्रसाद यांच्या जागी प्रार्थना आणि आशीर्वचन आले. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचे आख्यान घ्या. पूर्वरंगात क्षमेचा सिद्धान्त मांडून झाला की उत्तररंगात कीर्तनकार त्या पुत्राला वाटणी घेऊन दूरदेशी नेतो, तेथे दुष्काळ पाडतो, आणि डुकरांच्या शेंगांवर तो पोट भरू पाहतो त्या ठिकाणी गद्य थांबवून पद उचलतो. झीलकरी ते पद झेलतात आणि मृदंगाची लय उतरते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्या नगरकरांना ही भूक समजावून सांगावी लागली नसेल. पुढे बाप धावत सामोरा जातो तेथे लय चढते, आणि मूळ पद सर्वांच्या मुखी परत येते, तेव्हा पूर्वरंगातला सिद्धान्त पाठ करण्याची कोणालाच गरज उरत नाही.

या परंपरेला प्रतिभेची जोड मिळाली ती नारायण वामन टिळकांमुळे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकोबांचे ऋण उघडपणे मान्य केले आणि ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाणी दिली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तो भारतीय रीतीने ख्रिस्तानुयायी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते नेटाने पुढे नेले आणि १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. कॅथलिक धर्मसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली, उपासनेत लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला अधिकृत जागा दिली. नगरच्या श्रोत्यांनी तीच जागा शंभर वर्षे आधी आपल्यापुरती मिळविली होती.

आज रविवारच्या उपासनेत गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर उमटणारे शब्द आले आहेत. तरुणांना त्यांत आनंद वाटतो, आणि तो खराच आहे. परंतु त्या गीतांपैकी पुष्कळ भाषांतरित असतात, आणि त्यांत आख्यानाला, युक्तिवादाला, विचारपूर्वक ऐकण्याला वाव थोडा मिळतो. कीर्तनकाराला शास्त्राचा अभ्यास हवा, छंदाचे ज्ञान हवे, रागतालाची तालीम हवी, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचे दुःख ओळखण्याची दृष्टी हवी. एवढी सिद्धता केवळ हौसेने होत नाही. तिला वर्षे द्यावी लागतात आणि ती देणाऱ्याच्या चरितार्थाची तरतूद मंडळीला करावी लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले, तेव्हा मराठी ख्रिस्ती वाणी ही मराठीचीच वाणी आहे यावर साऱ्या महाराष्ट्राची मोहोर उमटली. आता धर्मगुरू घडविणाऱ्या विद्यालयांनी ग्रीक आणि हिब्रूच्या शेजारी कीर्तनाची तालीम नेमून द्यावी, आणि मंडळींनी वर्षातून एकदा तरी शेजारपाजारच्या सर्वधर्मीयांना बोलावून आख्यान लावावे. आपल्या वाणीत देवाची कथा ऐकण्याचा जो हक्क साष्टीच्या श्रोत्याने मागितला आणि नगरच्या श्रोत्यांनी बजावला, तो पुढील पिढीला आयता मिळणार नाही. तिच्या हाती टाळ देऊन तो शिकवावाच लागेल.