मुरब्बा, जरब आणि हरकत : हैदराबादच्या कॉलेजांतले विज्ञान

हैदराबादेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांत एक गंमत हमखास ऐकायला मिळते. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला भूमितीतला चौरस विचारला की ते ‘मुरब्बा’ म्हणतात, आणि नातवंडे बरणीतल्या मोरंब्याकडे पाहून हसतात. आजोबांना स्मृतिभ्रंश झालेला नसतो. त्यांनी शाळा-कॉलेजात चौरसाला मुरब्बाच म्हटलेले असते. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया, समीकरणाला मुसावात. संपूर्ण विज्ञान, अगदी पदवीपर्यंत आणि वैद्यकापर्यंत, उर्दूतून शिकवणारे विद्यापीठ या शहरात होते आणि आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्याचे विद्यार्थी होते. या वर्षीच्या अंकासाठी आपल्या शहरातल्या जुन्या कॉलेजजीवनावर लिहायचे ठरवले, तेव्हा त्या मुरब्ब्यापासूनच सुरुवात करावीशी वाटली.

मात्र उस्मानियाच्या आधी निजाम कॉलेज. बशीरबागेवरून जाताना आपण त्या आवाराकडे फारसे पाहतही नाही, पण १८८७ साली ते स्थापन झाले तेव्हा पुण्याचे फर्ग्युसन जेमतेम दोन वर्षांचे होते. आधीची हैदराबाद कॉलेज आणि मदरसा-ए-आलिया ही विद्यालये त्याच्या मुळाशी आहेत. या हैदराबाद कॉलेजची उभारणी केली डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी. एडिंबरोहून विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन आलेला हा बंगाली रसायनशास्त्रज्ञ. सरोजिनी नायडूंचे वडील ही त्यांची आज राहिलेली ओळख, पण त्या काळी त्यांचे घर म्हणजे शहरातले दुसरे कॉलेजच होते. मुलीने गणिती किंवा शास्त्रज्ञ व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ती बाराव्या वर्षी मद्रासची मॅट्रिक झाली आणि कविता लिहू लागली. बापाच्या इच्छा कधी पुऱ्या होतात!

अघोरनाथांचा आपल्याशी एक वेगळाही धागा आहे. १८८३ मध्ये चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, रेल्वे नेण्याच्या योजनेवरून मोठे वादळ उठले. तिचा व्यवहार लोकांपुढे मांडा, अशी मागणी करणाऱ्यांत अघोरनाथ होते. त्यांना नोकरीवरून दूर करून संस्थानाबाहेर घालवण्यात आले आणि पुढे परत बोलावले गेले. कॉलेजचा प्राध्यापक रेल्वेच्या हिशेबात नाक खुपसतो, हे दरबाराला नवीन होते.

निजाम कॉलेज लहान होते आणि लहानच राहिले. माध्यम इंग्रजी, संलग्नता मद्रास विद्यापीठाशी. म्हणजे राज्य निजामाचे, परीक्षा मद्रासची. वर्गात अमीर-उमरावांची मुले असत, तशी वकील आणि कारकून घरांतलीही. कला आणि विज्ञान एकाच छपराखाली असल्यामुळे रसायनाचा विद्यार्थी आणि इतिहासाचा विद्यार्थी एकमेकांना नावाने ओळखत. शेजारीच फतेह मैदान असल्याने क्रिकेट हा अघोषित विषयच होता. मोहंमद अझरुद्दीन याच कॉलेजचा. श्याम बेनेगल इथेच अर्थशास्त्र शिकले आणि पुढे हंसा वाडकरांच्या आयुष्यावर ‘भूमिका’ काढून आपल्या मराठी मनावर कायमचे कोरले गेले. अंतराळात जाणारे पहिले भारतीय राकेश शर्माही निजाम कॉलेजचेच.

पण विज्ञानाच्या दृष्टीने या कॉलेजचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे नाव वेणू बाप्पूंचे. हे कुटुंब मूळचे केरळचे. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. ही वेधशाळा १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून उभी केली, नंतर ती सरकारकडे आली, बेगमपेठेत हलली आणि १९१९ मध्ये उस्मानियाच्या ताब्यात गेली. आकाशाचा नकाशा करण्याच्या जागतिक कामात एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला होता आणि काचेच्या पट्ट्यांवरून लाखो ताऱ्यांची स्थाने इथे मोजली गेली. त्या दुर्बिणींच्या सावलीत वाढलेला मुलगा निजाम कॉलेजात शिकतानाच रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणांवर लिहू लागला. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला आणि १९४९ मध्ये बोक आणि न्यूकर्क यांच्याबरोबर त्याने एक धूमकेतू शोधला. तो त्या तिघांच्या नावाने ओळखला जातो. पुढे कावलूरची वेधशाळा त्यांनीच उभारली. बेगमपेठेतून विमान पकडायला धावणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते, कोण जाणे.

आता उस्मानिया. १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. त्याच्या एक वर्ष आधीच दार-उल-तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते, उघडले होते. हा क्रम पाहण्याजोगा आहे: आधी पुस्तके, मग विद्यार्थी. ‘उमराव जान’चे लेखक मिर्झा रुसवा इथे भाषांतरे करीत. जोश मलिहाबादींसारखा शायर इथे नोकरीला होता. विज्ञानाच्या परिभाषा समित्यांमध्ये बसून एकेक शब्द घासला जाई. वहीदुद्दीन सलीम यांनी तर संज्ञा कशा घडवाव्यात यावरच एक ग्रंथ लिहिला. इंग्रजी ही भाषा सक्तीची होती, पण भौतिकशास्त्र, रसायन, गणित, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकी, सगळे उर्दूत. रवींद्रनाथ ठाकुरांनी या प्रयोगाचे मनापासून स्वागत केले होते.

आणि प्रयोग फसला असे कोणी म्हणू नये. रझिउद्दीन सिद्दिकी हे उस्मानियाचेच पदवीधर. उर्दूत गणित शिकून ते केंब्रिजला गेले, तिथून लायप्झिगला हायझेनबर्ग यांच्याकडे. परत येऊन त्यांनी उस्मानियात आधुनिक भौतिकशास्त्र शिकवले आणि सापेक्षतेवर उर्दूत लिहिले. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येत नाही, या समजाला यापेक्षा सणसणीत उत्तर कुठले?

इथे आपल्याला थोडे थांबावे लागते. हाच वाद मुंबईत सत्तर वर्षे आधी झाला होता. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे होते आणि अर्स्किन पेरी इंग्रजीच्या. बाळशास्त्री जांभेकरांसारखा गणित आणि ज्योतिष शिकवणारा मराठी माणूस नुकताच होऊन गेला होता. तरी पेरी जिंकले. १८५७ मध्ये निघालेल्या मुंबई विद्यापीठाची भाषा इंग्रजी ठरली आणि मराठी विज्ञान पुढच्या काळात शालेय पुस्तकांपुरते उरले. मुंबईत मराठीला जे मिळाले नाही, ते हैदराबादेत उर्दूला मिळाले. फक्त एक अडचण होती. उर्दू या संस्थानातल्या दहातल्या जेमतेम एकाची मातृभाषा होती. जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू, पाव मराठी, बाकीची बरीच कानडी. ‘देशी भाषेतले विद्यापीठ’ हे शब्द खरे होते, पण ते कोणाच्या देशीपणाचे, हा प्रश्न मराठवाड्यातून आलेल्या पोराला पहिल्या तासालाच पडत असे.

त्याची वाट अशी. प्राथमिक शाळेत मराठीतून त्रिकोण आणि त्रिज्या शिकायच्या. सरकारी हायस्कुलात गेल्यावर त्याच गोष्टी मुसल्लस आणि निस्फ-कुत्र म्हणून पुन्हा शिकायच्या, तेही उजवीकडून डावीकडे लिहीत. आणि संस्थानाबाहेर नोकरी किंवा पुढचे शिक्षण हवे असेल तर तिसऱ्यांदा इंग्रजीत. एकाच त्रिकोणाचे तीन बाप्तिस्मे. ज्याची बुद्धी तल्लख तो तिन्ही पार करी. मधल्या बुद्धीची मुले, म्हणजे आपल्यासारखी बहुतेक, दुसऱ्या पायरीवरच थबकत.

तरी मराठी मुलाला एक फायदा होता, असे मला वाटते. आपली भाषा तीनशे वर्षे फारसीच्या शेजारात वाढलेली. वजन, हवा, हिशेब, जमा हे शब्द त्याला शिकावे लागले नाहीत. मौज व्हायची ती अर्थ बदललेल्या शब्दांची. उर्दूत गुणाकार म्हणजे जर्ब. आपल्याकडे जरब मास्तरांची बसते! भागाकार म्हणजे तकसीम, आणि आपल्याकडे वाटणीच्या दस्तऐवजात तक्षीम असते, म्हणजे हा शब्द तर वकिलाच्या मुलाला घरचाच. कुव्वत म्हणजे बल, आपल्याकडे कुवत. आणि न्यूटनचे गतीचे नियम ‘हरकती’चे नियम होत, कारण उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. ‘माझी हरकत नाही’ म्हणणारा मराठी मुलगा आणि ‘हरकत नसेल तर वस्तू स्थिर राहील’ असे सांगणारे मौलवीसाहेब, दोघेही आपापल्या जागी बरोबर.

या वाटेला पर्याय उभे करण्याचा प्रयत्नही आपल्याच लोकांनी केला. जांबागेतली विवेकवर्धिनी १९०७ ची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने ती वाढवली. कोरटकर स्वतः पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दरबारी उर्दूत त्यांचे काही अडत नव्हते. तरी मुलांची सुरुवात मराठीत व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. आज विवेकवर्धिनीच्या आवारात इतर भाषा अधिक ऐकू येतात, यावर हळहळणाऱ्यांनी आपली मुले कुठल्या शाळेत घातली होती तेही आठवावे.

मराठवाड्यात तेव्हा कॉलेज म्हणावे असे एकच, औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज. ते १९२३ मध्ये निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे किंवा सरहद्द ओलांडावी लागे. गोविंदभाई श्रॉफ गणितातली एम.एस्सी. करायला कलकत्त्यापर्यंत गेले.

उस्मानियाच्या वसतिगृहातले जीवन कडक शिस्तीचे होते. शेरवानी सक्तीची. आडिकमेटच्या उजाड माळावर १९३४ पासून नवे आवार आकार घेऊ लागले. आर्ट्स कॉलेजची ती भव्य गुलाबी इमारत १९३९ च्या डिसेंबरात पुरी झाली. पण तिच्या उद्घाटनाच्या वर्षभर आधीच इथल्या मुलांनी इतिहास घडवला होता. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या आणि मग हैदराबादच्या वसतिगृहांत मुले प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. बंदी आली. मुले मागे हटली नाहीत. नावे काढली गेली, वसतिगृहे सोडावी लागली, वर्षे वाया गेली. प्रयोगवहीत सह्या मिळाल्या नाहीत म्हणून इंटरच्या विज्ञानाची मुले अधिकच अडचणीत आली असणार. इतिहासाचे पुस्तक गावी नेता येते, प्रयोगशाळा नेता येत नाही.

त्यांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने. यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली: तेलुगू मुले मराठी शहरांत येऊन पडली, मराठी खानावळीत जेवली, मराठी वाचू लागली. वरंगळकडचे पी. व्ही. नरसिंह राव याच लाटेत संस्थानाबाहेर पडले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये विज्ञान आणि नागपुरात कायदा शिकले. पुढे त्यांनी हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ तेलुगूत नेली. एका गाण्यावरच्या बंदीतून मराठीला असा अनुवादक लाभला.

१९४७ मध्ये निजाम कॉलेज मद्रासपासून सुटून उस्मानियाचे घटक झाले. पुढच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि लवकरच उस्मानियाची भाषा इंग्रजी झाली. त्या वेळी मधल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांचा विचार करा. ज्यांनी मोठ्या कष्टाने मुसल्लस पाठ केला, त्यांना आता ट्रँगल. आणि ज्या प्राध्यापकांनी तीस वर्षे उर्दू विज्ञान घडवले, त्यांच्या हातातली भाषा एका रात्रीत जुनी झाली. त्या भाषेतून आपल्यावर अन्याय झाला हे खरे. पण ते शब्दभांडार असे टाकून दिले गेले, याचा आनंद मानावा असे मला तरी वाटत नाही.

याच बदलत्या काळात नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजात होते. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठी शिकवीत. भाच्याने पुस्तके अफाट वाचली आणि इंटरला मात्र नापास झाला. मराठवाड्यातला पुढचा मोठा विचारवंत या शहराने असा घडवला, परीक्षेतून नव्हे तर ग्रंथालयातून.

१९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी औरंगाबादेत बाबासाहेबांचे मिलिंद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचीच तकसीम झाली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि परभणी-नांदेडहून रात्रीच्या गाडीने काचीगुड्याला उतरणारी, ट्रंक आणि वळकटी सांभाळणारी विद्यार्थ्यांची रांग हळूहळू आटली. जे आधीच उतरले होते आणि ज्यांना परत जावेसे वाटले नाही, त्यांची घरे म्हणजे आपण.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर उर्दू लिपीतले जुने गणिताचे किंवा रसायनाचे पुस्तक, प्रयोगवही किंवा वसतिगृहाची पावती सापडली, तर वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत घालू नका. घरात उर्दू वाचणारे कोणी उरले नसेल तर शेजारी विचारा. या शहरात तो शेजारी अजून सापडतो.