सालीवरची अक्षरं आणि मोडलेली चौकट

मसाल्यातलं दगडफूल तुम्ही पाहिलंच असेल. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याचे काही दूरचे नातेवाईक झाडाच्या गुळगुळीत सालीवर राहतात. पांढुरका डाग आणि त्यावर कुणीतरी बारीक पेनाने गिरवल्यासारख्या काळ्या रेघा. या रेघा म्हणजे बुरशीची फळं. बीजाणू त्यांतच तयार होतात.

लिनियसने १७५३ मध्ये यातल्या एकाला 'लिकेन स्क्रिप्टस' नाव दिलं. त्याच्याकडे जवळजवळ सगळे शैवाक 'लिकेन' या एकाच जीनसमध्ये होते. १७६३ मध्ये आदांसोंने 'ग्राफिस' हा जीनस वेगळा काढला; नावाचं मूळ 'लिहिणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. १८०९ मध्ये अखारिउसने लिनियसची ती जाती 'ग्राफिस स्क्रिप्टा' केली.

पुढे उष्ण कटिबंधातले नमुने युरोपात येऊ लागले आणि जाती वाढत गेल्या. मग १८८० च्या सुमारास म्युलर आर्गोविएन्सिसने सूक्ष्मदर्शकाखाली दोनच प्रश्न विचारले. बीजाणू रंगहीन की तपकिरी? आतले पडदे फक्त आडवे, की विटांच्या भिंतीसारखे आडवे-उभे? दोन गुणिले दोन, चार जीनस: ग्राफिस, ग्राफिना, फिओग्राफिस, फिओग्राफिना. किती सुटसुटीत! ही चौकट शंभर वर्षांहून जास्त टिकली. १९७० च्या दशकात पुण्यात पटवर्धन आणि कुलकर्णी यांनी पश्चिम घाटातल्या या कुलावर काम केलं, तेही याच चार नावांनी.

अडचण काय होती? ओळखायला सोपं लक्षण नातं सांगेलच असं नाही. विटांसारखे बीजाणू वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे तयार होऊ शकतात. २००२ मध्ये स्टायगर यांनी फळाची भिंत, तिचं काळं पडणं, बीजाणूंचा थर, आयोडीनची प्रतिक्रिया, रसायनं असं सगळं एकत्र पाहिलं आणि जुनी चौकट मोडली. आडव्या पडद्यांचे आणि विटांसारखे, दोन्ही बीजाणू आता ग्राफिसमध्येच बसले. ग्राफिनातल्या जाती वेगवेगळ्या जीनसांत विखुरल्या. पुढे डीएनएने दाखवलं की हा नवा ग्राफिससुद्धा एकसंध नाही. म्हणून २०१८ मध्ये ल्युकिंग आणि काल्ब यांनी १८२४ चं 'अलोग्राफा' हे नाव पुन्हा वापरात आणलं.

आता तुमचा प्रश्न बरोबर आहे: मग जुनं काम वाया गेलं का? नाही. पण सगळं सारखं टिकलंही नाही. ज्याने वर्णनात फक्त बीजाणूंचे पडदे मोजले, त्याचा नमुना पुन्हा कापून बघावा लागतो. ज्याने फळाच्या भिंतीबद्दल, रसायनांबद्दलही लिहून ठेवलं, त्याची जाती कागदावरूनही बऱ्यापैकी योग्य जागी नेता येते. आणि जिथे नमुनाच जपलेला नाही, तिथे पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही.

म्हणून प्रबंधासाठी लक्षणं निवडताना स्वतःला विचारा: हे लक्षण मी महत्त्वाचं म्हणून घेतोय, की मोजायला सोपं म्हणून? सोपं म्हणून घेतलं तरी हरकत नाही, फक्त तसं लिहा. तुमची किल्ली जेवढं विचारते त्यापेक्षा थोडं जास्त टिपून ठेवा आणि नमुना हर्बेरियममध्ये जमा करा. नावं बदलतील. लेबल आणि नमुना नीट असले, तर तुमचं काम बदललेल्या नावाखालीही उभं राहील.